बार कुठे लागला : औंढ्याच्या रानातल्या एका रानडुकराचं प्रकरण

पूर्ण वाढलेला नर, वजन अंदाजे ऐंशी-पंच्याऐंशी किलो. अंगात दोन गोळ्या. पहिली डाव्या बाजूने शेवटच्या दोन बरगड्यांच्या मधून शिरलेली. तिने जठराला चीर पाडली, आतडी फोडली आणि उजव्या मांडीच्या मुळाशी येऊन थांबली. दुसरी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलेली. पहिल्या बाराची वेळ रात्री साडेदहाच्या सुमाराची, दुसऱ्याची सकाळी सातच्या आसपासची.

मधल्या साडेआठ तासांत ते जनावर जिवंत होतं. हे प्रकरण त्या तासांबद्दल आहे. त्यात ना चोरटी शिकार आहे, ना कुणाचा उन्मत्तपणा. परवानगी होती, बंदुकीचा परवाना होता आणि बार काढणारा माणूस विचारी होता. तरीही हे घडलं, म्हणूनच ते तपशिलात लिहायला हवं. शवविच्छेदन पशुवैद्यक म्हणून मी केलं. बाकीचं पंचनाम्यातून आणि तिथे असलेल्या लोकांशी बोलून जुळवलं आहे. माणसांची आणि गावाचं नाव जाणूनबुजून गाळलं आहे.

गाव हिंगोली जिल्ह्यातलं, औंढा नागनाथच्या डोंगरपट्ट्यातलं. डिसेंबर संपत आला होता, रब्बी ज्वारी हुरड्यात होती, शेजारच्या तुकड्यात हरभऱ्याला घाटे धरले होते. डुकरं नाल्याकाठच्या वेड्या बाभळीतून रात्री उतरायची. जितकं खायची त्याच्या कितीतरी पट तुडवायची, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. कास्तकार आणि त्याचा सालगडी आळीपाळीने जागलीला असायचे. डबे वाजवले, फटाके झाले, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, साड्या बांधून झाल्या. डुकरं चार दिवस बिचकतात, मग त्यांनाही सवय होते.

शिवारात दुसरा मार्ग कुणाला माहीत नाही असं नाही. तारेत वीज सोडायची. त्या तारेला डुक्कर लागतं, तसं रात्री मोटार चालू करायला निघालेलं माणूसही लागतं. शिवाय फासे आहेत, पिठाच्या गोळ्यात लपवलेले गावठी बॉम्ब आहेत, ज्यांनी जनावराचा जबडा फाटतो आणि ते उपाशी मरतं. असल्या जनावरांची शवविच्छेदनं करावी लागतात, तेव्हा टेबलापाशी उभं राहणंही अवघड होतं. या कास्तकाराने त्यातलं काही केलं नाही. तो अर्ज घेऊन वनविभागाकडे गेला. याबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे, आणि पुढचं वाचताना तो आदर वाचकानेही सोडू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाला किंवा माणसाला धोका असेल तर कलम ११खाली, कारण नमूद करून, लेखी परवानगीने ते मारता येतं. अशा परवानगीने मारलेलं जनावर कलम ३९प्रमाणे सरकारी मालमत्ता ठरतं. हे शेवटचं वाक्य गावात फार कमी जणांना माहीत असतं. त्यावरून या प्रकरणात जे झालं ते पुढे येईलच.

कास्तकाराकडे बंदूक नव्हती. पलीकडच्या गावातले एक माजी सैनिक, दुनळी बाराबोरचे परवानाधारक, त्यांचं नाव परवानगीत आलं. पंचक्रोशीत त्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून इथेही तेच लिहितो.

पहिली रात्र

मामा माळ्यावर बसले. उंचावर बसण्याचं कारण चांगलं होतं : बार वरून खाली जातो, चुकला तरी जमिनीत घुसतो. शिवारात ठिकठिकाणी जागलीची माणसं झोपलेली असतात, ऊसतोडीच्या कोप्या असतात. सपाटीवरून सोडलेली गोळी ज्वारीच्या ताटांमधून कुठवर जाईल याचा नेम नाही.

दहाच्या आधी कळप आला. पुढे मादी, मागे पिलं. मामांनी बंदूक उचललीच नाही. पाठीवर पट्टे असलेली पिलं अजून दुधावर असतात. मादी पाडली की ती एकेक करून मरतात, आणि ते मरण कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. तासाभराने एक मोठा नर धुऱ्यावर आला आणि माळ्याकडे तोंड करून थांबला. कास्तकार खालून कुजबुजला, "मामा, हाणा की! डोळ्याम्होरं खायलंय."

"तोंड इकडं हाय. जागा दिसंना," मामा म्हणाले. नर निघून गेला.

सकाळी गावात बोलणी झाली. बंदुकीची हिंमत नाही, काडतूस वाचवतात, परवानगी कशाला घेतली मग. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत चांगले दोन निर्णय त्या रात्रीचे होते. परवानगीचा कागद मारण्याची मुभा देतो, मारलंच पाहिजे असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. पण गावाने तो कागद मामांच्या गळ्यातला हुकूम करून टाकला, आणि दुसऱ्या रात्री मामा माळ्यावर चढले तेव्हा ते एकटे नव्हते. खाली आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, आठ-दहा पोरं येऊन बसली होती.

मर्माची जागा

इथे थांबून डुकराच्या शरीराबद्दल बोलावं लागेल, कारण चूक तिथे आहे.

जनावर झटपट मरायचं तर गोळी हृदयात किंवा दोन्ही फुप्फुसांत गेली पाहिजे. रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळत नाही, काही सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या वेळातही ते पन्नास-शंभर मीटर पळू शकतं, म्हणून पळालं म्हणजे चुकलं असं समजू नये. प्रश्न असा की ही जागा डुकरात नेमकी कुठे असते.

हरणाच्या किंवा शेळीच्या अंदाजाने पाहणारा माणूस फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या, मागे छातीच्या मध्यावर नेम धरतो. डुकरात ती जागा पुढे आणि खाली सरकलेली आहे. हृदय छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, कोपराच्या जरा वर, जवळजवळ पुढच्या दोन पायांच्या मधे असतं. फुप्फुसांचा बराच भाग फऱ्याच्या हाडाखाली झाकलेला असतो. बाजूने उभ्या असलेल्या डुकराच्या पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून सरळ वर रेघ ओढा. अंगाच्या उंचीचा खालून एक तृतीयांश भाग जिथे त्या रेघेला मिळतो तिथे नेम हवा. मर्माची सगळी जागा मिळून एका ज्वारीच्या भाकरीएवढी. तिथून वीतभर मागे गेलात की यकृत, आणखी मागे जठर आणि आतडी.

वरच्या बाजूला दुसरा धोका आहे. डुकराच्या पाठीवरचे राठ केस आणि खांद्यावरच्या मणक्यांचे उंच काटे यांमुळे अंग आहे त्यापेक्षा उंच दिसतं. कणा मात्र पुढच्या भागात बराच खाली असतो. अंदाज वर गेला तर गोळी मणक्यांच्या काट्यांना घासून जाते. जनावर विजेचा झटका बसल्यासारखं जागेवर कोसळतं, लोक ओरडत धावतात, आणि अर्ध्या मिनिटात ते उठून पळून जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे नराच्या खांद्यावरची ढाल. वयात आलेल्या नराच्या फऱ्यावर कातडीखाली चिवट तंतूंचा जाड थर चढतो, नरानरांच्या झुंजीत सुळ्यांपासून वाचवण्यासाठी. टेबलावर तो कापताना सुरीला धार लावून घ्यावी लागते. छर्ऱ्याची ताकद त्यात बरीच खर्ची पडते.

म्हणून उभं राहण्याच्या दोनच पद्धतींत बार काढावा. एक, जनावर पूर्ण आडवं, म्हणजे बाजू आपल्याकडे करून उभं. दोन, किंचित पाठमोरं, म्हणजे गोळी बरगड्यांतून शिरून पलीकडच्या पुढच्या पायाकडे जाईल असं. किंचित सामोरं असेल तर गोळी ढाल, हाड यांतून वाट काढत पोटाकडे वळते. अगदी समोरून छाती अरुंद असते. डोक्याचा मोह अनेकांना होतो, पण मेंदू लहान, कवटी उतरती आणि खाणारं डोकं क्षणभरही स्थिर नसतं. बार हुकला तर जबडा जातो. रात्री, नेमासाठी फक्त नळीच्या टोकावरची माशी असलेल्या दुनळीने डोक्यावर नेम धरणं मला अजिबात मान्य नाही.

आणि एलजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस. गावोगाव सल्ला मिळतो की गोळी कशाला, एलजी भरा, काही ना काही लागेलच. या सल्ल्यावर माझा राग आहे. एलजीच्या काडतुसात मोजकेच मोठे छर्रे असतात, वीस-पंचवीस मीटरपुढे ते पांगतात. मग एक फऱ्यात, एक पोटात, एक मांडीत. जनावर पळतं, माणूस म्हणतो चुकला, आणि आठ दिवसांनी नाल्यात वास सुटतो. "काही ना काही लागेल" हा विचार घेऊन जो बसतो त्याने बंदूक उचलू नये.

मामांनी एलजी भरलं नव्हतं. एकगोळीचं काडतूस होतं. तो निर्णय बरोबर होता.

दुसरी रात्र

नर साडेदहाला ज्वारीच्या कडेने आला. अंतर नंतर मोजलं तेव्हा चाळीस पावलांहून थोडं जास्त भरलं. गुळगुळीत नळीच्या, माशीवर नेम धरायच्या बंदुकीला, बॅटरीच्या उजेडात, हे अंतर काठावरचं. आखाड्यावर पोरांतल्या कुणाचा तरी फोन वाजला. नराने डोकं वर केलं. मामांना वाटलं, आता गेला. त्यांनी नेम धरला तो फऱ्याच्या मागे, म्हणजे हरणाच्या जागेवर, आणि चाप ओढता ओढता नराने एक पाऊल पुढे टाकून माळ्याकडे वळण घेतलं.

दोन्ही चुका एकाच दिशेने जमा झाल्या. नेम आधीच वीतभर मागे, त्यात जनावर पाऊलभर पुढे. गोळी शेवटच्या बरगड्यांत शिरली आणि अंग माळ्याकडे तिरपं झाल्यामुळे मागे मांडीकडे गेली.

मामा स्वतः म्हणाले, "डॉक्टर, डोकं वर गेलं तव्हाच बंदूक खाली घ्यायला पाहिजे होती." हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. खाणारं, निवांत, डोकं खाली घातलेलं जनावर उभं राहतं. बिचकलेलं जनावर पुढच्या क्षणी तिथे नसतं. यापेक्षा अचूक निदान मलाही करता आलं नसतं.

माग

बार होताच पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन उठली. दोन गावठी कुत्रीही होती. मामा खाली उतरले आणि वाट अडवून उभे राहिले. एकाही माणसाला ज्वारीत शिरू दिलं नाही. वनरक्षकाला फोन केला. मग एकट्याने जाऊन, बंदूक भरून, जिथे नर उभा होता तिथे पाहिलं.

रक्त जवळपास नव्हतं. तुटलेले केस होते, आणि ताटांवर हिरवट, चिकट घाण, त्यात चावलेले ज्वारीचे दाणे. वास आंबूस. मामांनी तिथे काठी रोवली आणि मागे फिरले.

जखमेची भाषा वाचता येणं ही नेमाइतकीच मोठी जबाबदारी आहे. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबावं, बहुधा जवळच पडलेलं सापडतं. काळपट लाल म्हणजे यकृत. तासन् तास थांबावं लागतं. हिरवी घाण म्हणजे पोट. त्यात डुकराच्या कातडीखालची चरबी भोक बंद करते, अंगावरचा चिखल रक्त धरून ठेवतो, म्हणून माग हरणापेक्षा नेहमीच क्षीण असतो. जमिनीवर थेंब दिसला नाही म्हणजे लागलं नाही, हा समज सोडला पाहिजे.

आता अवघड प्रश्न. पोट फाटलेलं जनावर रात्रभर तसंच सोडणं हे क्रौर्य नाही का? वनरक्षकालाही तो पडला होता. माझं उत्तर, सगळा विचार करून, असं आहे की थांबणंच बरोबर होतं. पोटात लागलेलं जनावर मागे कुणी लागलं नाही तर लवकरच आडोसा धरून बसतं. पाठलाग केला तर कोसभर जातं, माग तुटतो आणि ते दोन-तीन दिवस मरत राहतं. शिवाय डोक्याएवढ्या ज्वारीत, अंधारात, जखमी नरासमोर काठीवाली पोरं. सुळ्याचा घाव मांडीच्या आतल्या बाजूला बसतो, तिथे मोठी रक्तवाहिनी असते. औंढ्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचायच्या आत माणूस जातो.

थांबणं बरोबर होतं याचा अर्थ ते वेदनारहित होतं असा नाही. टेबलावर मला पोटाच्या पोकळीत सांडलेलं अन्न, लालभडक सुजलेलं आवरण आणि साकळलेलं रक्त दिसलं. गाईला तारेचा तुकडा पोटात टोचला तर ती कशी कण्हते हे इथला प्रत्येक कास्तकार जाणतो. या नराने ते कितीतरी जास्त सोसलं.

फटफटल्यावर मामा, वनरक्षक आणि सालगडी असे तिघेच निघाले. बंदूक एक, ती पुढे. ताटांच्या पानांवर गुडघ्याच्या उंचीला पुसलेले डाग सापडत गेले. सालगड्याची नजर सर्वांत तीक्ष्ण होती. प्रत्येक डागावर तो चिंधी बांधत होता, म्हणजे माग हरवला तर शेवटच्या चिंधीवर परत येता यावं. नर तीनेकशे मीटरवर, नाल्यातल्या वेड्या बाभळीत बसला होता. तो उठला, बाजू दाखवत आडवा उभा राहिला. बारा-पंधरा पावलांवरून मामांनी या वेळी पुढच्या पायाच्या रेघेवर, खाली नेम धरला. वीसेक पावलं पळून तो पडला.

मांस

पंचनामा चालू असताना गावातली मंडळी जमली. एका म्हाताऱ्या आजोबांनी मला थेट विचारलं, "एवढं मटण जाळायचं, हे कोणतं शहाणपण? आमच्या लहानपणी पाडलेलं जनावर अख्खं गाव खायचं."

प्रश्न प्रामाणिक होता. जगात अनेक ठिकाणी मोठ्या जनावराची शिकार मांसासाठी रीतसर होते. तिथला चांगला शिकारी मर्माच्या जागेबद्दल इतका काटेकोर असतो त्याचं एक कारण मांसच आहे : घाबरून धावलेल्या, पोट फुटलेल्या जनावराचं मांस खराब होतं. जनावराचं दुःख आणि ताटातला पदार्थ, दोन्हींचं हित तिथे एकाच जागी लागलेल्या गोळीत असतं. या नराचं मांस मात्र कायदा बाजूला ठेवला तरी मी कुणाला खाऊ दिलं नसतं. फुटलेल्या आतड्यांसह साडेआठ तास गेले होते. रानडुकराच्या मांसातून माणसाला होणारे कृमिरोग आहेत. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२०मध्ये भारतात आल्यापासून आणखी एक भीती आहे : तो माणसाला होत नाही, पण वाटलेल्या मांसाचे तुकडे, धुतलेलं पाणी गावातल्या पाळीव डुकरांपर्यंत गेलं तर ज्यांचं पोट त्यावर आहे ती घरं उघडी पडतात. आजोबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना कायद्याचं कलम पटलं नाही, पाळीव डुकरांचं पटलं. मृतदेह वनविभागाच्या ताब्यात गेला आणि त्यांच्यासमोर जाळला गेला.

केरळने २०२२मध्ये पिकं खाणाऱ्या रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेले. आपल्याकडेही अधिकार आणखी खाली द्या, मांसाची मुभा द्या अशी मागणी होते. अधिकार कुणाकडे असावा यावर मी भांडणार नाही. बार काढणाऱ्याला जनावराचं शरीर माहीत आहे का, हे कुणीतरी आधी पाहणार आहे का, एवढंच मला विचारायचं आहे. फिनलंडमध्ये मूससारखं मोठं जनावर मारायचं तर आधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते : ७५ मीटरवरून दीड मिनिटात चार बार, चारही २३ सेंटिमीटरच्या वर्तुळात. नॉर्वेत हरणवर्गीय मोठ्या शिकारीला निघताना जखमी जनावराचा माग काढणारं शिकवलेलं कुत्रं हाताशी असावं लागतं. आपल्या परवानगीच्या कागदावर परवानाधारकाचं नाव असतं, काडतुसं असतात. तो रात्री, बॅटरीच्या उजेडात, किती पावलांवरून भाकरीएवढी जागा साधतो हे कुठेच नसतं.

त्यासाठी शासनाची वाट पाहायची गरज नाही. पोत्यावर डुकराचा आडवा आकार काढायचा, पुढच्या पायाच्या रेघेवर खाली वीस सेंटिमीटरचं वर्तुळ. मागे मातीचा उंच बांध हवा. बंदूक, बॅटरी आणि काडतूस त्या रात्री असणार तेच, बसायचं माळ्याएवढ्या उंचीवर. पाच बार पंचवीस पावलांवरून. पाचही वर्तुळात नसतील तर जवळ यायचं. जिथे पाचही बसतात ते आपलं अंतर, त्यापुढे चाप नाही. मामांनी हे नंतर परिसरातल्या परवानगी असलेल्या नेमबाजीच्या मैदानावर केलं. त्यांचं अंतर पंचवीस पावलं निघालं. त्या रात्री ते चाळीसवर होते.

वनरक्षकाशी माझा एक मतभेद राहिला. त्याचं म्हणणं, रात्रीची परवानगी देऊच नये, पहाटेच्या उजेडातच बार व्हावा. डुकरं पहाटे परततात तेव्हा नाल्याच्या वाटेवर ठरावीक जागी सापडतात हे खरं, आणि उजेडात नेम नक्कीच बरा. पण तोवर रात्रभराचं पीक गेलेलं असतं, आणि ते ज्याचं जातं त्याला हे सांगायला मी धजत नाही. प्रेक्षक नकोत, यावर मात्र मामांसह आमचं तिघांचं एकमत झालं. माळ्यावर एक, खाली एक, बाकी कुणी शिवारात नाही, फोन बंद.

मार्चमध्ये त्याच कास्तकाराच्या हळदीसाठी पुन्हा परवानगी निघाली. मामा बसले. जनावरं आली, पण पंचवीस पावलांच्या आत आडवं कुणी उभं राहिलं नाही, आणि परवानगीची मुदत एकही बार न काढता संपली. कास्तकाराने नुकसानीचा अर्ज दिला आणि वनरक्षकाने तुडवलेल्या सऱ्या मोजून पंचनामा केला.